स्कॉटलंडचा पश्चिम हायलँड : लॉख, किल्ले आणि किनाऱ्यावरची गावं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लासगोच्या उत्तरेच्या लॉख लोमंडपासून वर उल्लापूलपर्यंतचा पश्चिम किनारा, त्याला बिलगलेलं स्काय बेट आणि परतीच्या वाटेवरचं लॉख नेस, एवढ्याच भागाबद्दलचे हे प्रश्न आहेत. एडिंबरा आणि ग्लासगो शहरांत काय पाहावं, हे इथे घेतलेलं नाही.

१. लॉख म्हणजे तळं की खाडी? आणि उच्चार ‘लॉक’ की ‘लॉख’?

दोन्ही. गोड्या पाण्याच्या तळ्यालाही लॉख म्हणतात आणि समुद्र आत घुसून झालेल्या चिंचोळ्या खाडीलाही. लोमंड, नेस, ऑ ही गोड्या पाण्याची. फाइन, लिनी, ड्यूइख, कॅरन ही खाऱ्या पाण्याची. काठावर काळपट शेवाळाचा पट्टा आणि खारा वास असेल, तर ती खाडी समजा. तिथलं दृश्य भरती-ओहोटीबरोबर बदलतं, त्यामुळे सकाळी पाण्यात उभा असलेला किल्ला दुपारी चिखलात दिसू शकतो. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत पाणी भरून ही लॉखं झाली, म्हणून ती आपल्या कोकणातल्या खाड्यांपेक्षा खूप खोल असतात. लॉख नेस सुमारे ३७ कि.मी. लांब आणि २३० मीटर खोल आहे. त्याचं पाणी काळं दिसतं ते आसपासच्या पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनीमुळे.

उच्चार ‘लॉख’, शेवटचा ख घशात घासून. हा फरक कामाचा आहे, कारण ‘लॉक’ म्हणजे कालव्याचे दरवाजे आणि तेही याच भागात आहेत. फोर्ट विल्यमजवळ कॅलेडोनियन कालव्यावर अशा आठ लॉकचा जिना आहे.

२. शेंगेन व्हिसावर स्कॉटलंडला जाता येतं का?

नाही. भारतीय पासपोर्टवर युनायटेड किंगडमचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. स्कॉटलंडसाठी वेगळा काही नसतो. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यातली गर्दी पाहता तो पहिल्याच आठवड्यात करावा आणि व्हिसा येईपर्यंत पैसे परत मिळणारीच आरक्षणं करावीत.

३. तीन दिवसांत लॉख नेस, स्काय आणि ग्लेनको होईल का? नकाशावर तर सगळं जवळ दिसतं.

होणार नाही. म्हणजे गाडीच्या काचेतून होईल. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, कारण प्रत्येक खाडीला रस्ता वळसा घालतो. प्लॉक्टन ते ॲपलक्रॉस सरळ रेषेत जेमतेम १५ कि.मी., पण रस्त्याने पन्नासहून जास्त, आणि वाटेत एक घाट. ग्लासगो ते स्कायवरचं पोर्ट्री सुमारे ३५० कि.मी. आहे आणि त्याला न थांबता साडेपाच तास लागतात. नकाशावरच्या ॲपने दाखवलेल्या वेळेत निदान तिसरा हिस्सा वाढवून धरा. एकेरी रस्त्यावर थांबणं, मेंढ्या आणि फोटो यांचा हिशोब ॲप करत नाही.

आठ दिवस असतील तर ही मांडणी नीट बसते: पहिल्या दिवशी ग्लासगोहून ए८२ रस्त्याने लॉख लोमंडच्या काठाने ग्लेनको, तिथे किंवा फोर्ट विल्यमला दोन रात्री, मग आयलन डोनन किल्ला पाहून (फोर्ट विल्यमपासून सुमारे ११० कि.मी.) स्काय किंवा प्लॉक्टनला तीन रात्री, उल्लापूलला दोन रात्री, शेवटी इन्व्हरनेस आणि तिथून लॉख नेस. पाचच दिवस असतील तर उल्लापूल सोडा. चार असतील तर स्कायही सोडा आणि ग्लेनको, ओबान व लॉख ऑचा परिसर निवांत पाहा. रोज रात्री नवं हॉटेल ही या भागातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे: सकाळचे दोन तास बॅगा भरण्यात जातात, आणि पाऊस पडला तर त्या जागेला दुसरी संधी मिळत नाही. एका ठिकाणी तीन रात्री राहिलात तर एक दिवस तरी आभाळ उघडतंच.

४. कोणत्या महिन्यात जावं?

मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा. एप्रिल ते जून हा पश्चिम किनाऱ्यावर तुलनेने कोरडा काळ; किल्ले उघडलेले असतात, चावऱ्या माश्या (प्रश्न १३) अजून जोरात नसतात आणि जूनमध्ये इन्व्हरनेसकडे रात्री दहानंतरही उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, चढे दर आणि माश्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हेदरच्या झुडपांनी डोंगर जांभळे होतात, ऑक्टोबरमध्ये रंग बदलतात. पण त्याच महिन्यात बरेच खाजगी किल्ले बंद होऊ लागतात.

मुंबई-पुण्याच्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मे येतो, हे आपलं भाग्यच. फक्त ‘उन्हाळा’ या शब्दावर जाऊ नका: ऐन जुलैतही दुपारचं तापमान १५ ते १८ अंशांच्या आसपास असतं. पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. छत्री उलटी होते. टोपीवालं जलरोधक जाकीट आणि तशीच पँट घ्या.

५. भारतीय वाहन परवान्यावर गाडी चालवता येते का?

येते. पर्यटक म्हणून आल्यापासून १२ महिन्यांपर्यंत, पक्क्या परवान्यावर. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे. अडचणी येतात त्या वेगळ्याच. पहिली, भाड्याच्या गाड्यांत हाताने गिअर बदलायच्या गाड्या बऱ्याच. ऑटोमॅटिक हवी असेल तर आरक्षणातच तसं निवडा. दुसरी, अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवली जाते. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचा परवाना असं बहुतेक ठिकाणी चालत नाही. तिसरी, टायर, काच आणि गाडीची खालची बाजू साध्या विम्यात बहुतेकदा नसते, आणि इथे मोडतं तेच: डांबराची कड तुटलेली असते, चाक बाहेर गेलं की टायर फाटतो.

वेग मैलांत असतो. वस्तीबाहेरच्या दुपदरी रस्त्यावर कमाल ६० मैल (सुमारे ९६ कि.मी.), वस्तीत ३० किंवा २०. ६० ही मर्यादा आहे, अपेक्षा नाही. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सें.मी. उंचीचं होईपर्यंत त्याला योग्य बालआसन सक्तीचं आहे. दारूची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मि.लि. रक्तात ५० मि.ग्रॅ. डिस्टिलरी पाहायला गेलात तर चालकाला त्याचा घोट छोट्या बाटलीत भरून देतात, तो रात्री मुक्कामी घ्यावा.

६. एकेरी रस्त्यावर समोरून गाडी आली तर काय करायचं?

‘पासिंग प्लेस’ची पांढरी पाटी असलेली रुंद जागा दर थोड्या अंतरावर असते. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत जाऊन थांबा. उजव्या हाताला असेल तर तिच्यात शिरू नका. तिच्या समोर, आपल्या डाव्या बाजूलाच थांबा आणि समोरच्याला त्या जागेतून वळून जाऊ द्या. नवखे चालक इथेच चुकतात आणि दोन्ही गाड्या एकमेकींसमोर अडकतात. जी गाडी जागेच्या जवळ असेल तिने मागे घ्यायचं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हा आपल्या घाटातला नियम इथेही आहे.

मागून कोणी येत असेल तर त्यालाही त्याच जागेत थांबून पुढे जाऊ द्यायचं. तो गावकरी असतो, दवाखान्यात किंवा कामावर निघालेला. फोटोसाठी तिथे गाडी लावणं नियमबाह्य आहे आणि रुग्णवाहिकेची वाट अडवणारंही. जाताना हात वर करून दाद द्यायची, सगळेच देतात.

७. पेट्रोल कुठे भरायचं?

मोठ्या गावात, टाकी अर्धी असतानाच: फोर्ट विल्यम, काइल (स्कायच्या पुलाजवळचं), पोर्ट्री, उल्लापूल. छोट्या गावांतले काही पंप कार्डवर आपोआप चालतात; ते आधी मोठी रक्कम राखून ठेवतात आणि नंतर सोडतात, म्हणून खात्यात थोडी जास्त रक्कम असू द्या. पेट्रोलची नळी हिरवी, डिझेलची काळी.

८. गाडी चालवायची नसेल तर सहल शक्य आहे का?

हो, आणि सुंदर होते. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून वेस्ट हायलँड लाइनची गाडी लॉख लोमंड आणि रॅनख मूरच्या ओसाड पठारावरून फोर्ट विल्यमला पावणेचार तासांत आणि मॅलेगला सव्वापाच तासांच्या आसपास पोहोचते. दिवसाला मोजक्याच गाड्या असतात. एक खाच लक्षात ठेवा: बऱ्याच गाड्या क्रिअनलॅरिखला दोन भागांत तुटतात, एक भाग ओबानला आणि दुसरा मॅलेगला जातो. डब्यावरची पाटी वाचून बसा. दुसरी रेल्वे इन्व्हरनेस ते काइल. ती प्लॉक्टनला थांबते.

मॅलेगहून फेरीने स्कायच्या आर्माडेलला उतरता येतं आणि ग्लासगोहून फोर्ट विल्यममार्गे पोर्ट्रीपर्यंत सिटीलिंकची बसही आहे. स्कायवर आत फिरायला मात्र बस कमी; पोर्ट्रीहून निघणारी दिवसाची छोटी सहल घ्या. ॲपलक्रॉस गाडीशिवाय धरू नका.

९. ग्लेनफिनन पुलावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीचं तिकीट मिळत नाही. आता?

‘जेकोबाइट’ नावाची ती गाडी फोर्ट विल्यम ते मॅलेग अशी ६६ कि.मी. धावते, फक्त वसंत ते शरद ऋतूत, आणि महिने आधी भरते. पण त्याच रुळांवरून, त्याच २१ कमानींच्या पुलावरून स्कॉटरेलची साधी गाडीही जाते, खूप कमी पैशांत. फोर्ट विल्यमहून जाताना डावीकडे बसा: पूल वळणावर असल्याने पुढचे डबे दिसतात आणि त्याच बाजूला लॉख शील उघडतं.

पूल खालून पाहायचा असेल तर वाहनतळ हीच अडचण आहे. गाडी यायच्या वेळेला तो भरलेला असतो आणि मुख्य रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांना दंड होतो. निदान दीड तास आधी पोहोचा, किंवा साध्या रेल्वेने ग्लेनफिननला उतरा. पूल साध्या काँक्रीटचा आहे, आत लोखंडी सळ्या नाहीत. मॅलेगपर्यंतचा हा मार्ग १९०१ साली सुरू झाला.

१०. कोणते किल्ले पाहावेत? एकच पास सगळीकडे चालतो का?

आधी एक गोष्ट मनाशी ठरवून जा. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला इथले किल्ले आकाराने लहान वाटतात. सिंधुदुर्गाचा घेर ४८ एकरांचा. आयलन डोननचं अख्खं बेट काही मिनिटांत फिरून होतं. इथला किल्ला बहुधा एका घराण्याचं तटबंदीचं घर असतो. माची, बालेकिल्ला शोधू नका. तो कोणत्या पाण्यावर नजर ठेवून आहे ते पाहा, मग जागेचं महत्त्व कळतं.

आयलन डोनन तीन खाड्यांच्या संगमावर आहे. १७१९ च्या जेकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावात तिथे स्पॅनिश शिबंदी होती. ब्रिटिश आरमाराने तोफा डागून तो उद्ध्वस्त केला आणि दोनशे वर्षं तो अवशेषच होता. आज दिसतो तो १९१२ ते १९३२ दरम्यान पुन्हा बांधलेला. लॉख नेसवरचा अर्कर्ट याउलट पडकाच ठेवला आहे. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून १६९२ मध्ये सोडून जाणाऱ्या शिबंदीनेच तो सुरुंगाने उडवला. स्कायवरचा डनवेगन मॅक्लाउड घराण्याचा, इन्व्हरेरी कॅम्पबेल घराण्याचा, आर्गाइलच्या ड्यूकचं घर. लॉख ऑवरचा किल्खर्न बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत, पण पावसाने लॉखचं पाणी चढलं की पायवाट बुडते. ॲपिनजवळचा स्टॉकर खाजगी आहे. आत जायचं तर आधी ठरवून होडीने, नाहीतर वरच्या रस्त्यावरूनच बघावा, आणि तिथूनच तो सर्वांत देखणा दिसतो.

‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’चा एक्सप्लोरर पास अर्कर्ट, स्टर्लिंग आणि एडिंबरा या सरकारी किल्ल्यांना चालतो. आयलन डोनन, डनवेगन, इन्व्हरेरी खाजगी आहेत, तिथे चालत नाही. ग्लेनफिनन आणि ग्लेनकोचं काम ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे, तेही वेगळं. म्हणजे स्टर्लिंग किंवा एडिंबरा करणार असाल तरच पासाचे पैसे वसूल होतात.

मराठी माणसाने एक जागा ध्यानात ठेवावी: ग्लासगोहून निघाल्यावर क्लाइड नदीकाठी खडकावर किल्ला दिसतो ते डंबार्टन. पेशवाईच्या अखेरीस पुण्याचा रेसिडेंट आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १७७९ मध्ये याच गावी जन्मला.

११. आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना काय झेपेल?

किल्ल्यांच्या आतले गोल दगडी जिने अरुंद, पायऱ्या उंच आणि उतरताना जास्त त्रासदायक. तिथे त्यांना खालच्या दालनांपुरतं थांबवा. अर्कर्टला अभ्यागत केंद्रातून उतार उतरून जावं लागतं आणि येताना तोच चढ आहे. त्यापेक्षा लॉख नेसवर होडीची फेरी घ्या, किल्ला पाण्यावरून दिसतो. आयलन डोननचा पूल सपाट आहे. प्लॉक्टनचा किनारा, उल्लापूलचा धक्का, ओबानचं बंदर आणि मॅलेगची रेल्वे हे सगळं आरामात होतं. स्कायवरचा ओल्ड मॅन ऑफ स्टॉर नाही. तो चढ तरुणांनाही दमवतो, पण सुळका खालच्या रस्त्यावरून दिसतो.

१२. किनाऱ्यावरची कोणती गावं निवडावीत? ॲपलक्रॉसचा घाट खरंच धोकादायक आहे का?

एकच निवडायचं तर प्लॉक्टन. लॉख कॅरनवर पूर्वेकडे तोंड करून, वाऱ्याच्या आडोशाला वसलेलं आहे. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे किनाऱ्यावर ताडासारखी दिसणारी झाडं उभी आहेत, मूळची न्यूझीलंडची. उल्लापूल हे आखून वसवलेलं गाव, १७८८ साली हेरिंगच्या मासेमारीसाठी. आजही लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेची फेरी इथूनच सुटते. पोर्ट्री आणि मल बेटावरचं टोबरमोरी रंगीत घरांसाठी; टोबरमोरी अधिक सुंदर, पण त्याला ओबानहून फेरी आणि वेगळा दिवस लागतो. मॅलेगच्या अलीकडचा मोरारचा पांढऱ्या वाळूचा किनारा बहुतेक जण घाईत सोडून जातात, तो सोडू नका.

ॲपलक्रॉसचा घाट म्हणजे ‘ब्यालख न बा’, गेलिक भाषेत ‘गुरांची खिंड’. समुद्रसपाटीपासून थेट ६२६ मीटर, म्हणजे जवळपास लोणावळ्याची उंची, पण एकेरी रस्ता आणि आवळलेली वळणं. आपल्या घाटांत गाडी चालवलेल्याला चढ अवघड नाही; अवघड आहे ते वळणावर गाडी मागे घेणं. कॅम्परव्हॅन, नवखा चालक, धुकं किंवा बर्फ, यांपैकी एक जरी असेल तर शील्डेगमार्गे किनाऱ्याचा रस्ता घ्या. लांब पडतो, पण तोही सुरेख आहे. जाताना घाटाने आणि येताना किनाऱ्याने हा क्रम उत्तम.

१३. ‘मिज’ नावाच्या माश्यांबद्दल फार ऐकलं. डासांचं मलम पुरेल का?

मिज आपल्या चिलटांएवढ्या असतात, पण येतात हजारोंनी. मे अखेर ते सप्टेंबर, वारा पडलेल्या दमट सकाळी आणि संध्याकाळी, गवत-पाण्याजवळ. ताशी दहा-अकरा कि.मी. वारा असला की त्यांना उडता येत नाही. म्हणून मुक्काम दरीच्या तळाऐवजी वाऱ्याच्या बाजूला घ्या. तिथल्या दुकानांत मिळणारं ‘स्मिज’ हे माश्या पळवणारं औषध लावा, फिके कपडे घाला आणि डोक्यावरून घ्यायची जाळी घ्या. ती छोटीशी वस्तू सहल वाचवते.

मिजने आजार होत नाही, गोचिडीने होऊ शकतो. गवतातून चालून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना ‘गोचीड चावली होती’ हे आवर्जून सांगा.

१४. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का? घरून काय आणता येईल?

उपाशी राहणार नाही, पण रात्री साडेआठला स्वयंपाकघर बंद, ही खरी अडचण. जेवणाची वेळ आधी विचारा. मेन्यूवर शाकाहारी पदार्थांना खूण असते. शाकाहारी हॅगिस बऱ्याच ठिकाणी मिळतो, डाळी, ओट आणि मसाल्यांचा, आणि आपल्या तोंडाला रुचतो. विचारून घ्यायच्या गोष्टी: सूपचा पाया कोंबडीचा आहे का, चिप्स प्राण्याच्या चरबीत तळल्या आहेत का, जेलीत जिलेटिन आहे का. ‘टॅबलेट’ नावाची दूध-साखर-लोण्याची वडी मिळेल तिथे घ्या, आपल्या दुधाच्या वडीची सख्खी बहीण आहे.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं सर्वांत सोयीचं. पोहे, रवा, हिंग, मसाले, मेतकूट आणा. तूप, पनीर, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून सामानात नेण्यास मनाई आहे. विमानतळावर काढून घेतात. मोठी खरेदी फोर्ट विल्यम, पोर्ट्री किंवा उल्लापूलला करा.

मासे खाणाऱ्यांची मात्र चंगळ आहे. शिंपल्या, कालवं, स्कॅलप, बांगडा सगळं ताजं. पश्चिम किनाऱ्यावर ‘प्रॉन’ म्हटलं की बहुधा लांब नांग्यांचा लँगोस्टीन येतो. तिखट नसतं, घरचं आणलेलं लाल तिखट उपयोगी पडेल.

१५. पैसे, चार्जर आणि फोनचं काय?

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. थोडी नाणी वाहनतळ, शौचालयं आणि रस्त्याकडेच्या अंडी-केकच्या पेट्यांसाठी ठेवा. त्या पेट्यांवर कोणी बसलेलं नसतं, पैसे डब्यात टाकायचे. स्कॉटिश बँकांच्या नोटा पौंडच आहेत, पण भारतात बदलून मिळणं कठीण, तिथेच संपवा. प्लगला तीन चौकोनी पिना असतात, आपला बसत नाही. सिग्नल दऱ्यांत जातो. नकाशे फोनवर उतरवून ठेवा. आणीबाणीत ९९९ किंवा ११२. डोंगरात अडकलात तर आधी पोलीस आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’ मागा.

१६. कुठेही तंबू ठोकता येतो म्हणतात. कॅम्परव्हॅनही कुठेही लावता येते का?

तंबूचा हक्क २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने दिला आहे: थोडे लोक, दोन-तीन रात्री, घरं-शेतांपासून दूर, मागे काही न ठेवता. हा हक्क वाहनांना लागू नाही. लॉख लोमंड परिसरातल्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर तंबूलाही परवाना लागतो. कॅम्परव्हॅनसाठी नोंदणीकृत तळ आधी घ्या, आणि भारतीय परवान्यावर साडेतीन टनांपेक्षा जड गाडी चालवता येत नाही हे आरक्षणापूर्वी पाहा. रस्त्यांबद्दल प्रश्न ६ आणि १२ आधी वाचा. मोठी व्हॅन घेतलेल्या बऱ्याच जणांचा बेत तिथेच बदलतो.

१७. फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली तर?

फेऱ्या चालवणारी कॅलमॅक कंपनी पैसे परत देते किंवा पुढच्या फेरीत जागा देते, पण पुढची फेरी भरलेली असू शकते. मॅलेग–आर्माडेल रद्द झाली तर स्काय अडत नाही: परत फोर्ट विल्यम आणि तिथून काइलच्या पुलाने, सुमारे तीन तास जास्त. पूल १९९५ चा आहे आणि २००४ पासून टोल नाही. मल किंवा लुईसला असा पर्याय नाही, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर मुक्काम ठेवू नका. भाड्याची गाडी फेरीवर न्यायला कंपनीची परवानगी आहे का, तेही आधी विचारा. लुईस-हॅरिसवर रविवारी बरंच काही बंद असतं. शनिवारीच पेट्रोल आणि किराणा भरा.

१८. ओहोटीत चालत जायचा किल्ला म्हणजे कोणता? पाणी चढलं तर?

लॉख मॉयडार्टमधला कासल टिओरम. ओहोटीला वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि भरतीला तो झाकला जातो. आत प्रवेश नाही, बाहेरूनच पाहायचा. त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून पाणी उतरत असतानाच जा, चढू लागलं की लगेच निघा. अडकलात तर पाण्यात उतरू नका: उन्हाळ्यातही ते इतकं थंड असतं की पहिल्या मिनिटातच श्वास तुटतो. बेटावर थांबा, पुढच्या ओहोटीला वाट पुन्हा उघडते. तब्येतीची अडचण असेल तर ९९९ वर तटरक्षक दल मागा.